तिचा शब्द, माझा पेपर

मला माझ्या मैत्रिणीचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना सोज्वळ चेहरा करायला नको. आम्ही दोघी एकाच सरांकडं पीएच.डी. करत होतो. मी शिवाजी पेठेत वाढलेली, कॉलेजात कॉमर्स शिकवणारी; माझा विषय शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांमधलं नेतृत्व. ती हुपरीची. घरात बसून चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडणाऱ्या बायका कामाची वाटणी कशी करतात, हा तिचा विषय.

खरं तर हेवा तिनं माझा करायला हवा होता. पगार मला, इंग्रजी मला, लॅपटॉप चांगला मला. ती हुपरीच्या बसनं यायची, बस चुकली की घामाघूम होऊन यायची आणि सरांच्या केबिनमध्ये बसून बायकांचे किस्से सांगायची. सर खुर्चीत मागं रेलून हसायचे. माझे तक्ते बघताना मात्र ते चष्मा लावून "हं, हं" करायचे. दोन वर्षांत माझ्या एकाही तक्त्यावर सर हसले नाहीत. तक्त्यावर हसायचं काय असतं, असं मी स्वतःला समजवायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

तिच्याकडं प्रश्नावली नव्हती. ती नुसती जाऊन बसायची. दोन-चार कड्या जोडायची, बोट भाजून घ्यायची, आणि त्या बायका हिला पोटातलं सगळं सांगायच्या. माझी प्रश्नावली मात्र देखणी होती. परदेशी लेखांमधली विधानं मी स्वतः मराठीत आणली होती. 'माझा नेता मला प्रेरणा देतो.' 'माझा नेता माझ्या अडचणी ऐकून घेतो.' पटत नसेल तर एकला गोल, पूर्ण पटत असेल तर पाचला, आणि खाली नेत्याचं एखादं उदाहरण लिहायला दोन ओळी. मालकांच्या ओळखीनं मी फौंड्र्यांत फॉर्म वाटले. चहाच्या सुट्टीत कामगारांनी ते भरले, आणि बहुतेक सगळीकडं पाच. मी हरखून गेले. आपल्या शिरोलीत इतकं उत्तम नेतृत्व आहे, हे जगाला कळलंच नव्हतं!

त्याच सुमारास विद्यापीठातल्या एका मोठ्या चर्चासत्राला आमच्या विभागातून एकच नाव पाठवायचं होतं. निवडलेला पेपर पुढं छापून येणार होता, आणि छापील पेपराशिवाय आम्हा दोघींचंही काम अडलेलं. सर म्हणाले, ज्याचं काम आधी तयार होईल त्याचं नाव देऊ. ते माझ्याकडं बघून म्हणाले की तिच्याकडं, हे मी त्या आठवड्यात शंभरदा आठवून पाहिलं असेल.

एका रविवारी दुपारी ती माझ्या घरी आली. फॉर्ममधले आकडे संगणकात भरायला मला मदत करायला, आपणहून. मी आकडे टाकत होते, ती वाचून दाखवत होती. मधेच ती थांबली.

"अगं, ह्ये बघ की. ह्यानं खाली लिवलंय, 'सायबांनी आमच्या टीमला फुटबॉलचं किट दिलं.' भट्टीवरचा सुपरवायझर किट कशाला दील?"

"देत असेल," मी म्हणाले.

तिनं गठ्ठा उलटापालटा केला. कुणी लिहिलं होतं, गल्लीत पाण्याची लाइन आणली. कुणी लिहिलं होतं, मंडळाच्या मांडवाला मदत केली. निवडणूक तोंडावर होती. ती आधी हसली, मग माझा चेहरा बघून तिनं गठ्ठा खाली ठेवला.

"न्हाई गं. ह्यांनी नगरसेवकाला मार्क दिल्यात. नेता म्हटल्यावर आपल्याकडं दुसरं कोण डोळ्यापुढं येतंय?"

पेठेत जन्म गेला माझा. चौकाचौकात 'नेते' फलकावर हात जोडून उभे असतात, त्यांच्या खालून शाळेत गेले मी. आणि 'लीडर'ला मी नेता लिहिलं. ते हुपरीहून येणाऱ्या पोरीनं मला दाखवावं! चुकीपेक्षा तेच मला जास्त झोंबलं.

"मी सरांना काय बोलणार न्हाई," ती म्हणाली. "तुझं तू सांग. आणि परत जाऊन नुसतं इचार, काम अडलं की कुणाकडं जाता? आमच्यातल्या बायकांना मी तसंच इचारलं. त्या म्हणाल्या, वस्तादाकडं. तालमीतल्यागत! सत्तरीची बाई हाय, सगळ्या तिला वस्ताद म्हंत्यात. माझा आख्खा चॅप्टर त्यावर होतोय, सरांना अजून सांगितलं न्हाई."

तिनं हे कौतुकानं सांगितलं. मला वाटलं, मिरवते आहे. ती गेल्यावर तिनं ठेवलेला चहाचा कपसुद्धा मला उद्धट वाटला.

दुसऱ्या दिवशी मी शिरोलीला जाऊन एका कामगाराला विचारलं की फॉर्म कुणाबद्दल भरला. "आमच्या भागातल्या सायबांबद्दल की, मॅडम," तो म्हणाला. "तुमी त्यांच्याकडनंच आलतासा न्हवं?"

सरांना सांगायला मी निघाले होते. केबिनच्या दारापर्यंत गेलेही. आत ती बसली होती आणि सर हसत होते. मी परत फिरले, रात्रंदिवस बसून इंग्रजीत पेपर पुरा केला आणि तिच्या आधी दिला. चर्चासत्राला माझं नाव गेलं.

चर्चासत्रात माझं बोलणं झालं, रंगीत आलेख झाले, टाळ्याही झाल्या. मग एका ज्येष्ठ प्राध्यापिकेनं हात वर केला. प्रश्न साधाच होता: "लीडर या शब्दाला तुम्ही प्रश्नावलीत मराठीत काय म्हटलंय?"

मैत्रीण तिसऱ्या रांगेत बसली होती. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. 'नेता' म्हटलं, की संपलं सगळं.

"वस्ताद," मी म्हणाले.

आणि मग मला थांबताच येईना. हा इथल्या मातीतला शब्द, तालमीतून कामाच्या जागी आलेला, अडलं की माणसं त्याच्याकडं जातात, बाईलाही वस्तादच म्हणतात. प्राध्यापिका लिहून घेत होत्या. सर उठून उभे राहिले आणि हसले. माझ्याकडं बघून, पहिल्यांदा.

चहाच्या वेळी ती माझ्याजवळ आली. मी भांडणाच्या तयारीत होते. मला भांडण हवंच होतं. ती म्हणाली, "चांगलं बोललीस." आणि बशीतलं बिस्कीट घेऊन निघून गेली. तिला गप्प बसता येतं, याचाही मला हेवा वाटला.

पेपर छापून आला. छापायला देताना मी त्याच्या नावातच 'वस्ताद' घातला होता. मला पदवी तिच्या दोन वर्षं आधी मिळाली. तिला सगळा चॅप्टर नव्यानं लिहावा लागला, कारण सरांनीच तिला सांगितलं की हा शब्द आधी येऊन गेलाय.

मागच्या वर्षी तिची पीएच.डी.ची खुली मुलाखत झाली. मी गेले. माझ्या वेळी शिरोलीचं एक माणूस आलं नव्हतं. तिच्यासाठी हुपरीहून जीप भरून बायका आल्या होत्या, ठेवणीतली लुगडी नेसून, मागच्या दोन रांगा अडवून. बाहेरगावच्या परीक्षकांनी तिला विचारलं, "हा 'वस्ताद' शब्द तुम्हाला कुठं सापडला?"

आता सांगणार, असं वाटलं. सांगून टाक एकदाचं, असंही वाटलं.

"मॅडमच्या पेपरात," ती म्हणाली आणि हातानं मला दाखवलं. "त्यांनी आधी मांडलाय. मी तसा संदर्भ दिलाय."

मॅडम. तोवर ती मला 'अगं'च म्हणायची. सगळे वळून बघत होते. मी हसून हात जोडले.

मुलाखत संपल्यावर बाहेर जेवणाची ताटं मांडली होती. मागच्या रांगेतली एक म्हातारी, हाताची बोटं भाजून काळी पडलेली, बायकांतून वाट काढत नेमकी माझ्यापुढं येऊन उभी राहिली. चेहऱ्यावर राग वगैरे काही नव्हता. उलट कौतुक होतं.

"मला वस्ताद म्हंत्यात ह्ये तुमी लिवलं व्हय? तुमी कवा आलतासा हुपरीला?"

मैत्रीण शेजारीच वाढत होती. तिचा हात थांबला, पण तिनं वर बघितलं नाही.

"आले होते एकदा," मी म्हणाले.

"आणि च्या न घेताच गेलासा?" म्हातारीला खरंच वाईट वाटलं. "असं करू ने, बाई. आमच्यातनं काय न्यायचं असलं तर निदान सांगून तरी जायाचं. आमी बांधून दिलं असतं की."