बयाबाईची ऊब

कवठे महांकाळच्या पूर्वेला माळावरच्या धनगरवाड्यात बयाबाईच्या हाताचं मोठं नाव होतं. पौषातल्या थंडीत गारठून ताठ झालेली कोकरं लोक तिच्याकडे आणत. ती कोकरू पदराआड छातीशी धरायची, वरून घोंगडं ओढायची आणि कुणाशी न बोलता बसून राहायची. तास-दोन तासांत ते मान हलवायला लागायचं. गारठा तेवढा वाईट, बाकी सगळ्याला औषध आहे, असं ती म्हणायची. याच समजुतीवर तिनं जन्म काढला आणि याच समजुतीनं तिचा घात केला.

तिचा नवरा अर्जुना मेंढरं राखायचा, शिवाय आसपासच्या गावांतले बैल आणि मेंढे खच्ची करून द्यायचा. हात सफाईचा होता. काम झाल्यावर जनावराच्या डोळ्याला मात्र तो कधी डोळा देत नसे. दुसरी मोठी लढाई संपली त्या साली त्याची लघवी अडायला लागली. धण्याचं पाणी पिऊन त्यानं बरेच दिवस ढकलले आणि अगदीच बसवेना तेव्हा गावातल्या लिमये डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांच्या बोटाला आत, मूत्राशयाखालच्या ग्रंथीत, दगडासारखी कडक गाठ लागली.

लिमये डॉक्टर सज्जन, पण बोलण्यात भारी चिक्कू. त्यांनी मोजकं सांगितलं. गाठ कर्करोगाची दिसते. अशा काही गाठी वर्षानुवर्षं जागच्या जागी बसून राहतात, काही खवळून हाडांत शिरतात. खवळली असेल तर रक्तातलं एक द्रव्य वाढतं आणि ते सांगलीच्या एका प्रयोगशाळेत मोजता येतं. आकडा पाचाच्या आत आला तर थांबू. दहाच्या वर गेला तर दोन्ही अंडं काढावी लागतील, म्हणजे रोगाचा जोर ओसरतो. पण मग एक आठवडाही दवडायचा नाही.

जन्मभर मुक्या जनावरांचं केलं तेच आता आपल्या वाट्याला आलं, असं अर्जुनानं धरलं. सांगलीला जायला तो काही केल्या तयार होईना. तिथे गेलो की धरून कापतील, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. शेवटी असं ठरलं की माणूस नाही तर नाही, रक्त जाईल, आणि ते बयाबाई नेईल.

वैशाखाचे दिवस होते. डॉक्टरांनी सकाळच्या गाडीनं भुशात पुरलेला बर्फ मागवला. रक्त काढलं, ते खाली बसल्यावर वरचं पिवळसर पाणी काचेच्या नळीत भरलं आणि नळी बर्फाच्या डब्यात रोवली. जपून न्या, एवढंच ते म्हणाले. बर्फ कशासाठी, हे सांगायचं त्यांना सुचलं नाही.

बयाबाईनं जपूनच नेलं. गाडी सुटल्यावर तिनं झाकण उघडून नळीला बोट लावलं. आपल्या माणसाच्या अंगातलं हे, कोकरासारखं गार पडलेलं. हे असं मेलं तर खरं काय सांगणार? तिनं नळी काढून चोळीत छातीशी धरली आणि वरून पदर घेतला. बाहेर माळ भाजून निघत होता. मिरजेला गाडी बदलून सांगली येईपर्यंत ती जागची हलली नाही. प्रयोगशाळेच्या दारात कुणी रागवायला नको म्हणून तिनं नळी पुन्हा बर्फात ठेवली.

आकडा आला तीन. अर्जुना लहान मुलासारखा रडला. बिरोबाला नारळ फुटला आणि बयाबाईनं डॉक्टरांच्या घरी लोण्याचा गोळा पोचवला. डॉक्टरही निवांत झाले.

श्रावणात अर्जुनाची कंबर धरली. भादव्यात रात्रंदिवस ठणकायला लागली आणि एका सकाळी त्याला उठता येईना. कमरेखाली काही जाणवतच नव्हतं. आता त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. सांगलीला नेल्यावर तिथेच रक्त घेतलं आणि लगेच तपासलं. आकडा एकाहत्तर निघाला.

लिमये डॉक्टर चक्रावले. इतका खवळलेला रोग वैशाखात तीन कसा दाखवेल? प्रयोगशाळेतल्या माणसानं सांगितलं की अंगातून बाहेर काढल्यावर या द्रव्याला ऊब सोसत नाही. दोन-तीन तास उबेत राहिलं की ते मरतं आणि आकडा खोटा उतरतो. डॉक्टरांनी बयाबाईला विचारलं, बर्फ वाटेत वितळला होता का?

"न्हाई. बर्फ हुता," ती म्हणाली. "म्याच नळी भायेर काढली. गारठून मरंल म्हनून छातीशी धरली."

डॉक्टर म्हणाले, चूक माझी, कारण सांगायला हवं होतं. ते मनापासून बोलले, पण बयाबाईला त्याचा काही उपयोग नव्हता.

शस्त्रक्रिया झाली. ठणका थांबला, पाय मात्र परत आले नाहीत. घरी आणल्यावर तिनं अर्जुनाला सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. आढ्याकडे बघतच त्यानं तंबाखू मागितली.

पौषात शेजारचा हरिबा नेहमीसारखा एक ताठलेलं कोकरू घेऊन आला. बयाबाईनं हात मागे घेतले. "दुसरीकडं ने," ती म्हणाली, "माज्या हाताला आता गुन न्हाई." हरिबा कोकरू घेऊन दारातच उभा राहिला.

"हिकडं आन," अंथरुणावरून अर्जुना म्हणाला. "बया, माज्या पायावर ठेव त्येला आन् घोंगडं घाल."

तिनं ठेवलं. तो उताणा पडून होता, आता मानही धरल्यामुळे त्याला ती उचलून बघता येत नव्हतं. ऊन कलेपर्यंत ती शेजारी बसली. मग घोंगडं हललं. कोकरानं डोकं बाहेर काढलं, धडपडत चारही पायांवर उभं राहिलं आणि अर्जुनाच्या मांड्यांवर खुरं रोवून अंग झटकलं.

अर्जुना आढ्याकडेच बघत होता.

"बया," त्यानं विचारलं, "उठलं का गं?"