दोरीचं दुसरं टोक

कॅम्पिंगहून आणलेली ताडपत्री कितीही झटका, पुढच्या वेळी उलगडली की घडीतून काही ना काही पडतंच. मूठभर वाळू, सुरूच्या काड्या, कोणाचा तरी चमचा. एकदा तर बाबीचा अख्खा चष्मा सापडला, तोही त्याने नवीन घेतल्यावर! आमच्या किश्श्यांचंही असंच आहे. जमवायला कोणी बसत नाही, साठतात आपोआप.

मालवणच्या बाजारात माझं ताडपत्री आणि दोऱ्यांचं दुकान आहे. लोकांच्या छपरांवर, होड्यांवर, मांडवांवर जे काही पसरलेलं दिसतं, त्यातलं पुष्कळसं माझ्या हातून गेलेलं. त्यामुळे आमच्या ग्रुपमध्ये ताडपत्री म्हटली की बंडू, हे ठरलेलं होतं. 'होतं' म्हणतोय, नीट ऐका.

ग्रुप म्हणजे चारच डोकी. मी, माझी बायको सुनीता, खानावळवाला बाबी आणि सदा. सदा ओरोसला सरकारी ऑफिसात आहे. तिथे तो "आपला अर्ज इकडे द्या" असं बोलतो आणि संध्याकाळी मालवणला एसटीतून उतरला की "काय रे मेल्या, खंय आसस?" आम्ही दोघे बालवाडीपासूनचे. पाऊस सरला की शनिवार-रविवार किनाऱ्यावर जाऊन राहायचं, तंबूबिंबू काही नाही, नुसती ताडपत्री बांधायची, हा आमचा शौक. माझी आई म्हणते, "सिमेंटचा घर सोडून हे वाळूत कित्याक लोळतत, देव जाणे!"

*

पहिली ताडपत्री निवडली सदाने. मी दुकानदार, पण निवड त्याची! म्हणे निळी घेऊया, समुद्राला मॅच होते. मी सांगितलं, "रे, जाडी बघ, कडेच्या रिंगा बघ, शिवण बघ. रंग काय बघतंस?" ऐकेल तर शपथ.

तोंडवळीच्या किनाऱ्यावर भर दुपारी ती बांधली आणि खाली जेवायला बसलो. वरून ऊन, मध्ये निळी ताडपत्री. सगळ्यांची तोंडं निळी पडली. भात निळा. सोलकढी जांभळी. आणि बाबीने जीव ओतून केलेली बांगड्याची लालभडक आमटी काळीठिक्कर!

बाबीने ताटाकडे पाहिलं, घास उचलला, परत ठेवला आणि विचारलं, "ह्या कोणी रांदल्यान?"

पुढच्या खेपेला पिवळी नेली. तिच्याखाली सुनीता आमच्याकडे बघून म्हणाली, "सगळ्यांका कावीळ झाली हा. चला दवाखान्यात." मग मी माझ्या अक्कलहुशारीने वरून चंदेरी, खालून काळी अशी जाड ताडपत्री काढली. तिच्याखाली माणूस माणसासारखा दिसतो आणि आमटी आमटीसारखी. तेव्हापासून सगळं माझ्या हातात आलं.

*

आमची बांधायची पद्धत साधी. सुरूची दोन झाडं बघायची, मध्ये दोरी ताणायची, तिच्यावर ताडपत्री टाकायची आणि चार कोपरे खाली ओढून बांधायचे. दोरीचं एक टोक माझ्याकडे, दुसरं सदाकडे. ही वाटणी कधी झाली आठवत नाही, पण बदलली कधीच नाही.

आधी गाऱ्हाणं. आमच्याकडे त्याशिवाय कशालाच हात लागत नाही. नारळ ठेवायचा, एकाने देवाला हाक मारून मागणं घालायचं आणि बाकीच्यांनी "होय म्हाराजा!" म्हणायचं. मालवणी पोर "आई" म्हणायच्या आधी "होय म्हाराजा" म्हणतं. गाऱ्हाणं घालायचा मान अर्थात माझा, कारण ताडपत्री माझी!

गाऱ्हाणं संपलं की सदा आणि मी दोरीवरून भांडायला मोकळे. "ओढ मेल्या!" "तू सोड आधी!" "हात आसत की केळी?" अर्धा किनारा गोळा होतो.

एकदा एक सज्जन पर्यटक धावत आले. त्यांना वाटलं मारामारी जुंपलीय. दोघांच्या मध्ये उभे राहून हात जोडायला लागले, "अहो, शांत व्हा, कुटुंब आहे सोबत."

सदाने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. माणूस चांगला उंच. ताडपत्रीला मध्ये टेकू द्यायचा आमचा बांबू नेमका घरी राहिला होता. सदाने त्यांचा एक हात वर केला, त्यात ताडपत्रीचा मधला भाग दिला आणि म्हणाला, "असेच ऱ्हवा. हलू नकात हां."

चहा होईपर्यंत ते तसेच उभे होते. जाताना म्हणाले, "फार छान वाटलं!"

*

इथवर माझं राज्य. मग आला कौस्तुभ.

कौस्तुभ पुण्याचा. आमच्या आळीत घर भाड्याने घेतलं, लॅपटॉपवर नोकरी करतो. सदाची त्याच्याशी ओळख कुठे झाली कोण जाणे, एका शनिवारी त्याला घेऊनच आला. "बंडू, ह्यो कौस्तुभ. तेकाय कॅम्पिंगची आवड आसा." दिसायला बरा, बोलायला नम्र. म्हणजे राग काढायला कुठून सुरुवात करायची, तेही कळेना!

त्याने पाठीवरच्या बॅगेतून नारळाएवढी एक पिशवी काढली. मला वाटलं टॉवेल असेल. पिशवीतून निघाली ताडपत्री! राखाडी, झुळझुळीत, हातात घेतली तर वजनच नाही.

"किती जीएसएमची?" मी कापडाच्या वजनाचा, धंद्याचा प्रश्न टाकला.

"काका, ही वेगळी असते. सिलिकॉन कोटिंगचं नायलॉन आहे."

काका! सदा माझ्याच वर्गातला, तर तो त्याचा "सदादा" आणि मी काका!

चालायच्या दोन काठ्या त्याने टोकांना उभ्या केल्या, चार दोऱ्या ताणल्या, आणि झालं छप्पर उभं. एकट्याने. आरडाओरड नाही, शिव्या नाहीत. मी अजून आमच्या दोरीचा गुंता सोडवत होतो.

"दुसरा टोक धरूक कोण नको?" सदाने विचारलं.

"नको. एकट्याने होतं."

सदा त्या छपराभोवती नव्या नवरीला बघायला आल्यासारखा फिरला. सुनीता म्हणाली, "किती सुबक दिसता गो बाय!" मी म्हणालो, "परकराएवढा कापड ता! जोराचो वारो इलो की गोव्यात जावन पडात."

वारा आला. जाऊन पडलं नाही.

*

पण एकदा देव माझ्या बाजूने होता. तळाशीलला मऊ वाळू होती आणि कौस्तुभच्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या वाऱ्याच्या पहिल्या झोताबरोबर सटासट उपटल्या. त्याचं छप्पर पतंग होऊन सुरूला अडकलं. मला इतका आनंद झाला की मी बाबीला मिठी मारली.

"वाळूत खुंटी धरता काय खंय?" मी मोठ्याने म्हणालो. "थंय पायजेत दगड!" आणि आम्ही नेहमीप्रमाणे दगड शोधायला निघालो. त्या किनाऱ्यावर दगड म्हणजे औषधालासुद्धा नाही. बाबी पार कातळाच्या सड्याखालपर्यंत गेला आणि एक दगड पोटाशी धरून, धापा टाकत परत आला.

तोवर कौस्तुभने काय केलं? रिकाम्या पिशव्यांत वाळू भरली, दोऱ्या त्यांना बांधल्या आणि पिशव्या खड्ड्यात पुरल्या. वरून पाय दाबले. हत्ती आला तरी हलणार नाही!

आता ही युक्ती काय नवीन आहे? मी लगेच म्हणालो, "ही आमचीच जुनी पद्धत. आमचे आजोबा असाच करीत."

सुनीताने बाबीच्या हातातल्या दगडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "मग आपण इतकी वर्सा दगड कित्याक वाहतव?"

*

आता हे कोणाला सांगू नका. मी तसलीच ताडपत्री मागवली. ऑनलाइन. ताडपत्रीचा दुकानदार मी, आणि घरी पार्सल येतंय ताडपत्रीचं! सुनीताने सही करून घेतलं आणि म्हणाली, "मासे इकणाऱ्या बायेन दुसरीच्या टोपलीतले मासे घेवचे, तसा झाला ह्या."

फोटोत राखाडी दिसत होती. उघडली तर जांभळी. साडीच्या दुकानातली वाटावी अशी जांभळी!

म्हटलं, रंगाचं सोडा, कसब शिकूया. घरासमोर खळ्यात, म्हणजे अंगणातच उभी करायला घेतली. एक काठी उभी केली की दुसरी पडे. दुसरी धरायला जावं तर पहिली. गाठ मारावी तर दोरी गुळगुळीत, सुटून यायची. मी सवयीने दोनदा "ओढ मेल्या!" असं ओरडलोसुद्धा. पलीकडे कोणीच नव्हतं.

सुनीता पायरीवर बसून बघत होती. "सदाभावजींका बोलवू?"

"नको!"

तेवढ्यात शेजारची काकी कुंपणावरून डोकावली. जांभळं कापड, दोन काठ्या, घामाघूम मी. तिचा चेहरा उजळला. "बंडू, चेडवाचा लगीन ठरला आणि माका सांगूक नाय?"

माझी मुलगी सातवीत आहे. ताडपत्री माळ्यावर गेली, सुटकेसच्या मागे.

*

याच्या पुढचं मात्र खरंच लागलं. एका सोमवारी ग्रुपवर फोटो आले. आरोंद्याची खाडी, नारळ, आणि कौस्तुभ. आणि सदा! दोघेच गेले होते. मला विचारलंसुद्धा नाही!

कौस्तुभने मोठं छप्पर घेतलं होतं, दोन झाडांमध्ये दोरी ताणून बांधायचं. एका फोटोत ती दोरी दिसत होती. एक टोक कौस्तुभकडे, दुसरं सदाकडे. आणि सदा हसत होता. दोरी ओढताना हसत होता! माझ्याबरोबर दोरी ओढताना हा माणूस उभ्या आयुष्यात हसलेला नाही.

मी फोटो मोठा करकरून बघितला. कुठे झोळ पडलाय का, कोपरा लोंबतोय का. एक गोष्ट सापडली. ग्रुपवर लिहिलं, "वाऱ्याची बाजू चुकली आहे."

सदाचं उत्तर आलं, "हंय वारोच नाय."

त्या आठवड्यात मी गिऱ्हाइकांशीसुद्धा धड बोललो नाही. एकाने विचारलं, "ताडपत्री टिकात मा?" मी म्हणालो, "ताडपत्री टिकता हो. माणसा टिकणत नाय." तो न घेताच गेला.

संध्याकाळी सदा एसटीतून उतरून नेहमीसारखा दुकानावर यायचा, तर मी मुद्दाम शटर अर्धं ओढून आत सुतळीचे गुंडे मोजत बसायचो. तो बाहेरून हाक मारायचा, "बंडू, चाय?" मी आतून सांगायचो, "स्टॉक घेतंय." रोज स्टॉक! तोही शहाणा, सरळ पुढे निघायचा. जाताना आमच्या घराच्या दिशेने का वळायचा, हे मला तेव्हा समजलं नाही.

*

मग कौस्तुभचे आईवडील पुण्याहून आले. त्यांना किनाऱ्यावर जेवण द्यायचं ठरलं. सोबत बाबीच्या घरची, सदाच्या घरची, आमची, अशी सगळी माणसं. एवढ्यांना पुण्याचं छप्पर कसं पुरणार? कौस्तुभ स्वतः दुकानात आला. "काका, तुमची मोठी ताडपत्री लागेल."

नाही म्हणायची फार इच्छा होती. म्हटलं, "बघूया." आणि सकाळी सगळ्यांच्या आधी तोंडवळीला जाऊन बसलो.

सगळे आल्यावर दोन सुरू निवडले. दोरी एका सुरूकडे नेली. दुसरं टोक वाळूत पडलं होतं. कौस्तुभ पुढे झाला, वाकून ते उचललं आणि म्हणाला, "मी धरू का हे?" मी माझ्या टोकाची गाठ आवळत राहिलो. बोललो असतो तर वाईट बोललो असतो.

"थांब रे," सदा म्हणाला. "आधी गाऱ्हाणा."

मी नारळ ठेवून घसा साफ केला, तर सदाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आज मी घालतंय." म्हणजे गाऱ्हाण्याचा मानसुद्धा गेला! मी दात आवळून हात जोडले आणि डोळे मिटले. सगळे रांगेने उभे राहिले. कौस्तुभचे आईवडीलही.

सदाने आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज ही तुजी लेकरा हंय मांडव घालतत, ता गोड मानून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"वारो येयत, पाऊस येयत, बाबीच्या आमटीक कुत्रो येयत, तो भायल्याभायर परतव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"पुण्यासून इलेली पावणी मंडळी, तेंका सुखी ठेव. एकाचे एकवीस कर, पाचाचे पंचवीस कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि हो जो आमचो बंडू, जो ह्या पुण्याच्या झिलाक बघून आतल्याआत जळता हा, जेचा जेवणात ध्यान नाय, जेणा जांभळी ताडपत्री मागवन माळ्यार सुटकेसच्या मागे लपयल्यान हा, तेका सांग रे म्हाराजा, दोरयेचा दुसरा टोक सदाच्याच हातात आसा नि ऱ्हवतला. पण तेणा सगळ्यांच्या म्होरे एकदा कबूल करूक व्हया, जळतंय म्हणान, रे म्हाराजा!"

नंतर कळलं, सुनीताने पदर तोंडात कोंबला होता. बाबीने श्वास धरला होता. कौस्तुभ दोरीचं टोक सदाच्या हातात देऊन बाजूला झाला होता. कोणी म्हणजे कोणी आवाज काढला नाही.

अख्ख्या तोंडवळीच्या किनाऱ्यावर, डोळे मिटून, घसा ताणून, एकच आवाज आला.

"होय म्हाराजा!"

माझा.