छाटीचं कार्ड

आमच्या वस्तीत कुणाच्या लेकराचा वाढदिवस असो, बुद्धपौर्णिमा असो की चौदा एप्रिल, ग्रीटिंग कार्ड येतं ते शालिकराम काकाजींच्या घरून. जाड कागदाची घडी, वर तेंदूपानातून कापलेलं पिंपळाचं पान, कडेला लाल दोऱ्याची गाठ. नवीन सुना म्हणतात, किती गुणी म्हातारा आहे हो. गुणी आहेत, नाही कशाला म्हणू? पण हा माणूस पूर्वी काय होता हे त्या सुनांना माहीत नाही. मला चांगलं माहीत आहे, आणि त्याचा निकाल लागला तो आमच्याच घरापुढच्या छपरीत.

मी रचना. लग्न होऊन कामठ्याच्या या वस्तीत आले आणि दुसऱ्याच आठवड्यात सासूबाईंनी, म्हणजे अनुसयाबाईंनी, माझ्या मांडीवर सूप ठेवलं. सुपात तेंदूची पानं, तंबाखू, कैची आणि दोऱ्याचं बंडल. तेव्हा इथे घरोघरी बायका बिड्या वळायच्या. पान भिजवायचं, पत्र्याचा फर्मा ठेवून कापायचं, तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडून दोरा बांधायचा. वळलेल्या बिड्या सकाळी डेपोत नेऊन द्यायच्या. डेपो म्हणजे कारखान्याने भाड्याने घेतलेली एक खोली, आणि त्या खोलीत सतरंजीवर बसलेले चेकर शालिकराम मेश्राम. आमच्याच वस्तीतले, विहारात वंदनेला आमच्या पुढच्या रांगेत बसणारे.

चेकर बिड्यांचा कट्टा, म्हणजे बांधलेली जुडी, हातात घ्यायचे, अंगठ्याने दाबायचे, बिड्यांच्या तोंडांवरून तळहात फिरवायचे. मग काही बिड्या ओढून काढायचे, बाजूच्या टोपलीत टाकायचे आणि एकच शब्द बोलायचे, "छाट." छाट म्हणजे नापास, तिची मजुरी नाही. एवढ्यावरही भागत नसे. छाट झालेली बिडी परत मिळायची नाही. कारखाना ती ठेवून घ्यायचा आणि खुशाल विकायचा. म्हणजे खोट आमची आणि बिडी त्यांची! माझं डोकं तेव्हाही तापायचं, आजही तापतं.

बाकीच्या बाया मुकाट्याने पदर सावरून निघायच्या. सासूबाई मात्र रोज विचारायच्या, "काऊन छाट, शालिकभाऊ? खोट काय हाये, दाखवा तं खरं."

काकाजी वर बघायचे नाहीत. "चल, पुढं," म्हणायचे. आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या कट्ट्यातून आणखी थोड्या जास्त बिड्या टोपलीत जायच्या. वस्तीत सगळ्यात सारखी आणि घट्ट बिडी त्यांची असायची. हे मी सून असून सांगते आहे, तेव्हा खरंच समजा.

बायकांनी भांडण केलं नाही. कामाची गरज होती, भांडून कुठे जाणार? त्यांनी वेगळा हिशेब चुकता केला. आमच्याकडे लग्न निघालं की घरची बाई वस्तीत फिरून आवतण देते आणि आदल्या दिवशी बाया आपापलं सूप घेऊन तिच्या अंगणात तांदूळ निवडायला बसतात. गाणी होतात, चहा होतो, नवरीच्या नाही तर नवऱ्याच्या आईची थट्टा होते. लग्नाचं जेवण राहू द्या, खरं लग्न मला तरी तिथेच वाटतं. नव्याण्णव साली काकाजींच्या मुलाचं, संघदीपचं लग्न निघालं. त्यांची बायको, पार्वताकाकी, घरोघरी सांगून आली. सगळ्या हो म्हणाल्या, आणि एकही गेली नाही. मीही गेले नाही. काकींनी आणि त्यांच्या बहिणीने दोघींनीच सगळा तांदूळ निवडला. लग्नाला मात्र झाडून सगळ्या गेलो, जेवलो, वधूवरांना आशीर्वाद दिले, घरी आलो. वरवर बघणाऱ्याला काही कळलं नसतं, काकींना मात्र पुरतं कळलं.

पुढे काही वर्षांनी डेपो बंद पडला. बायका धानाच्या रोवणीला जायला लागल्या, कुणी बचत गटाचे पापड लाटायला लागल्या. काकाजी घरी बसले. त्यांच्याजवळ उरलं काय, तर डेपोची कैची, पत्र्याचे दोन-चार फर्मे, लाल दोरा आणि कट्ट्यांवर चिकटवायच्या रंगीत लेबलांचा एक गठ्ठा. रोज सकाळी आंघोळ करून, सदरा घालून ते ओट्यावर बसायचे. तपासायला समोर काही नसायचं, मग येणाऱ्याजाणाऱ्याच्या सायकलची चेन ढिली आहे म्हणून सांगायचे.

त्यांची धाकटी दीप्ती गोंदियाला डी.एड.ला होती. कार्यानुभवाच्या तासासाठी तिने क्राफ्टचा एक डबा विकत आणला. डब्यात रंगीत कागद, चमकी, डिंकाची नळी, नागमोडी कापणारी कात्री आणि फुलं पाडायचा पंच. पोरगी अभ्यासात हुशार, पण हात म्हणाल तर वाकडे. दोन कागद वाया घालवलेले बघून काकाजी म्हणाले, "आन इकडं. कागद का पानापेक्षा कठीन राहते?" आणि त्यांनी सगळी कार्डं स्वतःच कापून, दुमडून, चिकटवून दिली. मॅडमनी एक नजर टाकून विचारलं, हे कुणाकडून करून आणलंस? दीप्ती खोटं बोलली नाही, तिचे मार्क कापले गेले. त्या घरात कुणाची तरी छाट झाली, म्हणून मला तेव्हा बरं वाटलं. आता लपवून काय करू?

पण काकाजींना नाद लागला तो लागलाच. डब्यातले कागद संपले, तेव्हा जुन्या लग्नपत्रिकांचे पाठकोरे भाग, वह्यांचे पुठ्ठे, अगरबत्तीची खोकी, साड्यांच्या डब्यांची झाकणं असं जमवायला लागले. तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून पिंपळपानाचा नवा फर्मा केला. उन्हाळ्यात तेंदूचं पान आणून पुस्तकात दाबून सुकवायचे आणि त्या फर्म्यावर कापायचे. लेबलांच्या सोनेरी कडा कापून त्याच्याभोवती लावायचे. हे सगळं पार्वताकाकी सांगायच्या. बघायला आम्ही कुणी त्या घरी जात नव्हतो.

दोन हजार नऊमध्ये दीप्तीचं लग्न जुळलं, मुलगा तिरोड्याचा. पत्रिका छापायला गेल्या त्याच दिवशी काकींनी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, "संघदीपच्या लग्नात माह्या आंगनात कोनी सूप घेऊन नाई बसली. पोरीच्या लग्नात मले वस्तीतल्या बाया पायजेत. आवतन द्याले या वेळी तुमी जा. छाट मी नवती काढली."

काकाजींना बोलणं जमत नव्हतं. आयुष्यभर एका शब्दावर काम चाललेलं. त्यांनी जे जमत होतं ते केलं. डेपोत बिड्या आणणाऱ्या प्रत्येक बाईसाठी स्वतःच्या हाताने एक-एक कार्ड केलं, आत दीप्तीच्या अक्षरात लग्नाचा दिवस लिहिला, आणि पहिलं कार्ड घेऊन आमच्या छपरीत आले.

"जयभीम, वहिनी," म्हणाले आणि कार्ड पुढे केलं.

सासूबाईंनी ते घेतलं. अंगठ्याने दाबून बघितलं, कडेवरून तळहात फिरवला. मी दारातून बघत होते. "घडी वाकडी हाये," त्या म्हणाल्या. "छाट." आणि कार्ड पाठीमागच्या सुपात टाकलं.

काकाजी आले तसे परत गेले. तासाभरात वस्तीत बातमी पसरली. बाया म्हणाल्या, अनुसयाबाईचं कार्ड पास होईल तेव्हा आम्ही आमचं घेऊ. झालं! आता त्या अंगणात सुपं येणार की नाही, ते सगळं आमच्या सासूबाईंच्या अंगठ्यावर आलं.

काकाजी दुसरं कार्ड घेऊन आले. घडी सरळ होती. "डिंक दिसून राहिला. छाट." तिसरं आणलं, तर पानाची शीर मधोमध नाही म्हणून छाट. तिन्ही कार्डं सुपातच राहिली, सासूबाईंनी परत दिली नाहीत. पार्वताकाकी हापशीवर भेटल्या तेव्हा हंडा भरून वाहत होता आणि त्यांचं लक्ष नव्हतं. "राती जागून करतात गं," एवढंच म्हणाल्या. मला पहिल्यांदाच वाईट वाटलं, तेही काकींसाठी. घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, आई, आता पुरे करा. त्या म्हणाल्या, "तू पापड लाट."

लग्न आठवड्यावर आलं. त्या दिवशी आमच्या छपरीत बचत गटाच्या बाया पापड लाटत होत्या. काकाजी आले. डोळे लाल, दाढी वाढलेली. त्यांनी कार्ड सासूबाईंच्या हातात दिलं आणि या वेळी उभे न राहता समोरच बसले. असं कार्ड मी दुकानातही बघितलेलं नाही. पिंपळाचं पान जाळीसारखं कोरलेलं, शीर बरोबर मधोमध, गाठ एवढी बारीक की बिडीच्या तोंडाला बसावी. आम्ही सगळ्याच माना वाकवून खोट शोधायला लागलो. मी तर मनापासून शोधली. मिळाली नाही.

सासूबाईंनी अंगठ्याने दाबलं, तळहात फिरवला, उजेडात धरून बघितलं.

"छाट," त्या म्हणाल्या.

काकाजी ताडकन उठले. एवढा आवाज त्यांनी डेपोतही कधी चढवला नव्हता. "काय खोट हाये यात? दाखव! दाखव मले!"

"काईच खोट नाई."

"मंग काऊन छाट?"

सासूबाईंनी कार्ड मांडीवर ठेवलं. "मी बी हेच विचारत होती, शालिकभाऊ. रोज विचारत होती."

लाटणी थांबली. काकाजी पुन्हा खाली बसले, या वेळी पायरीवर. मला वाटलं आता हा माणूस उठून जाईल आणि संपलं सगळं.

"तुह्या बिडीत खोट नवती," ते म्हणाले. आमच्या सगळ्यांकडे बघून म्हणाले. "कोनाच्याच मालात एवढी नवती. वरून हुकूम होता, परत्येकीच्या कट्ट्यातून काढाच. नाई काढली तं माही नोकरी जात होती." ते थांबले. मग म्हणाले, "आन तुह्या जास्त काढत होतो, वहिनी. तू सगळ्यायसमोर तोंड करत होती म्हनून."

हे शेवटचं त्यांनी सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. हुकूम वरचा होता एवढ्यावर त्यांची सुटका होत होती. मला तो माणूस तिथून पुढे आवडायला लागला.

"हे सांगाले एवढी वर्सं कायले लागली?" सासूबाईंनी विचारलं.

"लाज वाटत होती."

सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं. घाम पुसला की आणखी काही, ते मी बघितलं नाही. मग कार्ड उचललं. "लग्न कवा हाये?"

"कार्डात लिवलं हाये."

"माहा चष्मा नाई माह्यापाशी. तोंडानं सांग."

चष्मा त्यांच्या गळ्यातच लटकत होता. काकाजींनी तो बघितला. हात जोडून उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने आवतण दिलं. दिवस सांगितला, वेळ सांगितली, मग अडखळत म्हणाले, "आदल्या दिवशी तांदूळ निवडाले या. सगळ्याजनी या. पार्वता वाट पाहून राहिली."

"पास," सासूबाई म्हणाल्या.

जाता जाता काकाजींची नजर सुपाकडे गेली. "ती आधीची तीन कार्डं देता का? कागद कामात येते."

"छाट झालेला माल परत भेटत नाई," सासूबाई म्हणाल्या, आणि छपरीभर हसू फुटलं. काकाजीही हसले. ती तिन्ही कार्डं अजून आमच्या घरात भिंतीवर आहेत. वाकडी घडी आता मलासुद्धा शोधावी लागते.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही सगळ्या गेलो. पार्वताकाकींचा अजून विश्वास बसलेला नसावा. आम्ही पोचलो तेव्हा तांदळाचं पोतं उघडून, आपलं सूप घेऊन त्या एकट्याच निवडायला बसल्या होत्या. सासूबाई सरळ त्यांच्यापाशी गेल्या आणि त्यांच्या हातातलं सूप काढून घेतलं.

"उठ," म्हणाल्या. "नवरीची माय कधी तांदूळ निवडते का?"

काकी उठल्या. बाया पोत्याभोवती बसल्या, कुणीतरी गाणं सुरू केलं, काकाजी आतून चहाची किटली घेऊन आले. काकी दोनदा मदतीला पुढे झाल्या आणि दोन्ही वेळा आम्ही त्यांना हाकललं. मग त्या ओट्याच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि दिवसभर दोन्ही हात मांडीवर ठेवून आम्हाला बघत नुसत्या बसून राहिल्या.