गेल्या वर्षीची फायनल

माझ्या धाकट्या बहिणीनं तिचा मुलगा शिकायला माझ्याकडं ठेवला तो एकाच अटीवर. गडहिंग्लजहून एसटीनं त्याला घेऊन आली, बॅग खाली ठेवली आणि पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी म्हणाली, "अक्का, मार्क कमी पडले तर चालतील. पण पोरगं दिलंय तसं परत पाहिजे. डोक्यासकट." तिला पक्कं ठाऊक होतं की हा कोल्हापुरात येतोय तो बी.एस्सी.साठी नाही, फुटबॉलसाठी. गडहिंग्लजलाही फुटबॉलचं वेड काही कमी नाही, पण तिथं निदान तिचा डोळा होता त्याच्यावर. इथं मी होते. मी त्याच कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, म्हणजे तिच्या हिशेबानं वर्गात, घरात आणि मैदानावर, तिन्हीकडं मीच जबाबदार.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? बहिणीपुढं माझं आजवर कधी चाललेलं नाही.

पोरगं स्टॉपरला खेळायचं, म्हणजे आपल्या गोलसमोर उभं राहून येईल त्याला अडवायचं. उंचीनं ताडमाड. हवेतून येणारा प्रत्येक बॉल आपल्याच कपाळासाठी धाडलाय अशी त्याची ठाम समजूत होती. स्वभावानं गोड, पण हार कबूल करणं त्याच्या रक्तात नाही. त्याच्या पहिल्याच वर्षी आमचं कॉलेज इंटरकॉलेजची फायनल हरलं, आणि तेही ह्याच्यामुळंच. ह्यानं समोरच्या फॉरवर्डला आडवा पाय घातला, रेफ्रीनं पेनल्टी दिली, गोल झाला, संपला विषय. पण आमच्या घरात तो विषय वर्षभर संपला नाही. जेवायला बसलो की ताटातलं लिंबू म्हणजे बॉल, मिठाची वाटी म्हणजे हा, आणि लोणच्याची बरणी म्हणजे तो फॉरवर्ड. पाय आधी लिंबाला लागला आणि बरणी आपली आपणच पडली, हे मला इतक्या वेळा दाखवून झालं की शेवटी मी बरणी फ्रिजमध्ये ठेवायला लागले. एकदा मी सहज म्हणून गेले की मला तर फाऊल वाटला बाबा. तर गडी ताटावरून उठला आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

ह्यात त्याचं एकट्याचं काही नाही म्हणा. आमच्या गावाचंच तसं आहे, पडलो तरी नाक वर. कोल्हापुरात आजवर कुठलीच टीम हरलेली नाही. रेफ्रीनं घातलं, लाईनमनला दिसत नव्हतं, मैदान ओलं होतं, नाहीतर समोरच्यांनी बाहेरची पोरं आणली होती. हरलो, असं कुणी म्हणाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं आमची आई म्हणायची. ती अर्थात आमच्या वडिलांबद्दल म्हणायची.

तर त्याच्या दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच एका मॅचमध्ये एक प्रकार झाला. दोन्हीकडची पोरं बॉलला एकदम उडाली, एकाचं कोपर दुसऱ्याच्या कानशिलात बसलं. ते पोरगं पडलं, उठलं, पाणी मारून घेतलं आणि मॅच संपेपर्यंत खेळलं. टाळ्या पडल्या, पोरगं वाघ आहे म्हणून. मग मॅच संपल्यावर तो वाघ समोरच्या कॉलेजच्या बसमध्ये जाऊन बसला आणि तिकडच्याच पोरांशी गप्पा मारायला लागला. बस मुरगूडच्या पुढं गेल्यावर कुणाच्यातरी लक्षात आलं. पोरगं पुढं बरं झालं, पण दोन दिवसांचं त्याला काहीच आठवेना. मग सगळ्या कॉलेजांची मीटिंग बसली.

मी तेव्हा जिमखाना समितीत होते, त्यामुळं गेले. मीटिंगला एक तरुण डॉक्टर बोलावले होते, डोक्याचेच. त्यांचं म्हणणं साधं होतं. हवेत कोपर मारलं की सरळ लाल कार्ड. आणि डोक्याला मार बसला की पोराला बाहेर घ्यायचं, चार प्रश्न विचारायचे, शंका आली तर परत आत सोडायचं नाही, मग तो कितीही ओरडू दे.

हे ऐकल्यावर आमचे कोच उठले. सगळं मैदान त्यांना मामा म्हणतं. तरुणपणी फाउंड्रीत काम करून संध्याकाळी फुटबॉल खेळलेला माणूस, कुणाच्यातरी कोपरानं नाक डावीकडं वळलेलं. ते म्हणाले, असं प्रत्येक धक्क्याला पोरं बाहेर काढायला लागलो तर आत कोण खेळणार, रेफ्री? आमच्या वेळी टाके घालून परत खेळायचो. हे फुटबॉल हाय का हळदीकुंकू? सगळे हसले. मला आली तिडीक. मी म्हटलं, मामा, एकदा हळदीकुंकवाला या, वाण घ्यायला किती कोपरं लागतात ते बघा. मग सगळे आणखी हसले, मामासुद्धा, आणि कसाबसा नियम पास झाला. कोचनं प्रश्न विचारले तर तो पोराला उत्तरंही स्वतःच शिकवणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून प्रत्येक कॉलेजातून कोच सोडून दुसरा माणूस नेमायचं ठरलं. आमच्या कॉलेजातून ते माझ्या गळ्यात पडलं.

डॉक्टरांनी आम्हाला प्रश्न शिकवले. आपण कुठल्या मैदानावर आहोत, पहिला हाफ की दुसरा, शेवटचा गोल कुणी केला, आणि गेली मॅच कोण जिंकलं. जगभर असेच प्रश्न विचारतात म्हणे. वर म्हणाले, "प्रश्न निमित्त आहेत हो. माणूस नेहमीसारखा वाटतोय का, ते बघा."

पण जगाचे प्रश्न कोल्हापुरात चालतात होय? पहिल्याच मॅचला आमच्या गोलकीपरच्या डोक्याला कुणाचातरी गुडघा लागला. मी विचारलं, गेली मॅच कोण जिंकलं? म्हणाला, आम्हीच की. आम्ही ती मॅच तीन गोलांनी हरलो होतो. मी त्याला बाहेर बसवला. तर मामा माझ्या अंगावर धावून आले, स्टँडातली माणसं जाळीपाशी आली आणि सगळ्यांचं एकच, पोरगं बरोबर बोलतंय, दोन गोल ऑफसाईड होते. दुसऱ्या दिवशी मी धडधाकट टीमला एका ओळीत उभं करून तोच प्रश्न विचारला. एकानंही हरलो म्हटलं नाही. एक जण म्हणाला, "हरलो न्हाय मॅडम, गोल कमी पडले."

पुढच्या मीटिंगला मामांनी हा विषय काढला. डॉक्टरांना पटेना, म्हणून त्यांनी तिथंच बसलेल्या कोच मंडळींना गेल्या वर्षीची फायनल कोण जिंकलं ते विचारलं. चहाचे कप बाजूला झाले, खुर्च्या मागं सरल्या, दोन साठीचे गृहस्थ एकमेकांची गचांडी धरायचेच बाकी राहिले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि तो एक प्रश्न काढून टाकला.

आणि मग आली ह्या वर्षीची फायनल. समोर तेच कॉलेज, तोच लोणच्याच्या बरणीवाला फॉरवर्ड. आमच्या पोराला आठवडाभर जेवण गोड लागत नव्हतं. बहिणीचा सकाळी फोन आला, डोकं सांभाळ म्हणावं त्याला. मी सांगितलं. तो म्हणाला, मावशी, आज डोक्यानंच जिंकायचंय.

दुसऱ्या हाफात कॉर्नर आला. पोरगं उडालं, त्याच्याबरोबर त्यांचा एक दांडगा गडी उडाला आणि त्याचा खांदा ह्याच्या कानशिलावर आदळला. आवाज मला बाहेर ऐकू आला. पोरगं जमिनीवर पडलं आणि हललं नाही. माझे पाय मला न विचारता धावत सुटले. मी पोचेपर्यंत तो उठून बसला होता, अंगावरची माती झटकत होता. त्याला धरून लाईनबाहेर आणला. मी विचारलं, मैदान कुठलं? बरोबर सांगितलं. हाफ? दुसरा. शेवटचा गोल? त्यांचा, फ्री किकवर. तिन्ही उत्तरं चोख. मामा मागं नाचत होते, टकाटक हाय पोरगं, सोडा आत, एक गोल फेडायचाय. स्टँडातून त्याच्या नावाचा गजर चालला होता. नियमानं मला सोडायलाच पाहिजे होतं.

तोही निघाला. जाताना माझ्याकडं बघून म्हणाला, "तुम्हाला उन्हात त्रास झाला, मावशी." आणि मला कसंतरीच झालं. हा मला कधी अहो-जाहो करत नाही. मी त्याचा हात धरला आणि तो काढून टाकलेला प्रश्न विचारला.

"गेल्या वर्षीची फायनल कोण जिंकलं रे?"

"ते जिंकले," तो शांतपणे म्हणाला. "चांगलं खेळले. पेनल्टी बरोबर होती. चूक माझीच."

आईची ती म्हण डोक्यात आली आणि मी ती तशीच मागं ढकलली. मामांकडं बघितलं तर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पोरगं आत जायला वळलं तसं ते स्वतः आडवे आले, दोन्ही हातांनी त्याला मिठीत धरलं आणि रेफ्रीला ओरडून सांगितलं, "बदली घ्या. हे पोरगं खेळणार न्हाय."

मी गाडी काढली. मामा मागं बसले, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. फायनल चालू, टीम मैदानात, आणि आमचे कोच माझ्या गाडीत. वाटेत ते पुन्हा पुन्हा विचारत होते, पेनल्टी न्हवती न्हवं रे, बाळा? आणि तो प्रत्येक वेळी तितक्याच गोडीनं सांगत होता, होती मामा, होती. आरशात मला मामा डोळे पुसताना दिसले. मी हॉर्नवरचा हात काढला नाही.

दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. नियमवाले डॉक्टरच आले. म्हणाले, रक्तस्राव नाही, मेंदूला जोराचा हिसका बसलाय, झोपू दे, सकाळपर्यंत बघू. मिळेल ती एसटी धरून बहीण दिवेलागणीला पोचली. मला वाटलं आता माझी काही धडगत नाही. पण ती पोराजवळ बसली आणि पोरगं तिला म्हणालं, आई, तुम्ही दमला असाल, तुमचा गुडघा कसा आहे? चहा दिला तर थँक यू म्हणालं. बहीण बाहेर येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "अक्का, किती शहाण्यासारखा बोलतोय गं. तू चांगलं वळण लावलंस." मला रडू यायला लागलं. तिला सांगावं लागलं की बाई, हे वळण नाही, हाच आजार आहे. मग तीही रडायला लागली, आणि म्हणाली, मला नको असला शहाणा, माझा मला दे.

तो प्रश्न पुढं मामांनीच भांडून नियमात परत घालून घेतला. फक्त उत्तर उलटं केलं. आता आमच्याकडं जो पोरगा हरलो म्हणेल त्याला बाहेर काढतात, आणि डॉक्टरांनीही त्यावर मान डोलावली. कोपराला लाल कार्ड द्यायच्या बाजूनं मामा सगळ्यात मोठ्यानं बोलतात. आमचा पोरगा डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस बाहेर बसला, कुरकुर करत. पण हे सगळं नंतरचं.

त्या सकाळी खोलीत आम्ही तिघं होतो. मॅच आम्ही एका गोलानं हरल्याचं आदल्या संध्याकाळीच कळलं होतं, पण मामांच्या मते खरं बघितलं तर आपणच जिंकलो होतो. न बघितलेल्या मॅचबद्दल त्यांची इतकी खात्री होती. पोरगं जागं झालं. सिस्टर नाडी बघत होती. त्यानं चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि आईला म्हणालं, "ह्यात साखर कुठंय? पाणी पाजतीस व्हय मला?"

बहीण जागची उठली. मला विचारायचं धाडस होईना, शेवटी मामांनीच विचारलं. गेल्या वर्षीची फायनल कुणाची, बाळा?

"आपलीच की मामा," तो म्हणाला. "मी आधी बॉलला पाय लावलाता. मावशी, लिंबू हाय का इथं? दाखवतो."

माझा जीव भांड्यात पडला. मामा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. सिस्टर बावरून आमच्याकडं बघत होती, कुणाला काय झालं तिला कळेना. तेव्हा माझी बहीण, जिनं जन्मात एक मॅच बघितली नाही, पदरानं डोळे पुसत तिला समजावून सांगायला लागली, "गेल्या वर्षी हेच जिंकले होते बरं का, सिस्टर. त्या मेल्या अंपायरला दिसत न्हवतं."