व्हिडिओत न आलेला पाय

गाडीतून उतरलेल्या बाईनं चपलेच्या टोकानं माझी भेंडीची टोपली मागं सारली. वाकायचं नव्हतं तिला. पायानंच भाजी वरखाली करत होती.

"काल तगी," मी कन्नडमध्ये म्हटलं. पाय काढ. तिनं ऐकलं नाही. उलट हसली. मग मी मराठीत ओरडले, "व्हय बाजूला! नीघ हितनं!"

गाडीतल्या तिच्या माणसानं तेवढंच मोबाईलवर घेतलं.

संध्याकाळपर्यंत मी बेळगावभर झाले. गिऱ्हाईक कन्नड बोललं म्हणून मराठी म्हातारीनं हाकललं, असं व्हिडिओखाली लिहिलेलं. मी चौथी शिकलेय. सुनेनं मोबाईल लपवला, तरी कन्नडवाल्यांनी मुद्दाम मराठीत लिहिलेलं तेवढं वाचलंच. 'माजलीय म्हातारी.' 'हिची टोपली गटारात फेका.' त्यांना उत्तर म्हणून आपली मराठी माणसं त्यांच्या आयाबहिणी काढत होती. माझ्या नावानं. राग सगळ्यांना पाहिजे होता. पायाचा राग कुणालाच नको होता.

गंगव्वा तीस वर्षं माझ्या शेजारी कोथिंबीर विकते. घरात कन्नड, माझ्याशी मराठी. तिची भाकरी मी खाल्लीय, माझं कालवण तिनं. तिनं तो पाय बघितला होता. दुसऱ्या दिवशी आली ती बसायचं पोतं गुंडाळून पलीकडच्या रांगेत निघाली.

"तू बघितलंस न्हवं गं?"

"बघितलं, आक्का. पर पोरगं म्हणतंय, मोबाईलात पाय कुठं हाय?"

"मग तू काय म्हणलीस?"

ती पोतं काखेत मारून चालू लागली. हजार माणसांच्या शिव्या मी पचवल्या होत्या. हे पचेना.

दुपारी मराठीवाले चौघं सत्काराची शाल घेऊन आले. विचारायच्या आत अंगावर घातली.

"वाघीण हाईसा तुम्ही, आज्जी! जरा तसंच वरडा बघू, मोबाईलवर."

"पायाचं सांगते."

"पायाचं नको हो. कन्नडवाल्यांना बोला."

शाल काढून मी त्यांच्या हातात दिली. ती घेतली असती, तर मी कन्नडवरनंच हाकललं, हे गंगव्वाच्या पोराचं म्हणणं खरं ठरलं असतं. चौघांतला एक जाताना पुटपुटला, "म्हातारी फितूर हाय."

असू दे.

उद्या मी गंगव्वाच्या घरी जाणार. तो पाय बघितलास का, असं पोरासमोर विचारणार, त्याला कळेल अशा कन्नडमध्ये विचारणार. ती बोलली, तर तिचं पोतं मी स्वतः उचलून आणीन. नाही बोलली, तर तीस वर्षांची सोबत तिच्या उंबऱ्यावर ठेवीन आणि एकटी येऊन बाजारात बसेन.