ताईच्या खुर्चीत मी

आमच्या शेजारी एक चित्रकार राहतो. गल्लीत त्याला सगळे ‘हुबेहूब’ म्हणतात. तोंडावरसुद्धा म्हणतात, आणि गंमत म्हणजे त्याला ते आवडतं. समोर जे दिसतं तेच काढायचं, त्यात एक केस कमी नाही की जास्त नाही, हा त्याचा बाणा. त्यापायी त्याने माणसं किती तोडली ते विचारू नका. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरने हौसेने स्वतःचं चित्र काढून घेतलं, ते याने कानातल्या केसांसकट काढलं. हल्ली ते चित्र डॉक्टरांच्या कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभं असतं, असं त्यांच्या कामवाल्या बाईंनी आमच्या हिला सांगितलं. मी कुणाला सांगत नाही, तुम्हीही सांगू नका.

या हुबेहूबची मोठी बहीण म्हणजे ताई. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच याला वाढवला. पुढे तिचा नवरा वारला, लेकीचं लग्न झालं, आणि ताई भावाकडे राहायला आली. नणंद-भावजयीचं एखादं तरी कडाक्याचं भांडण ऐकायला मिळेल म्हणून मी खिडकीत बरीच वर्षं काढली, पण पदरी निराशा. त्या दोघी एकमेकींवर ओरडतच नाहीत. दोघी मिळून त्याच्यावर ओरडतात.

तर यंदा असं ठरलं की ताई कायमची लेकीकडे जाणार. लेकीची नोकरी, घरात दोन लहान पोरं, मदतीला कुणी नाही. हे कळलं त्या दिवशी हुबेहूब जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने जाहीर केलं, “ताई जायच्या आधी तिचं चित्र काढणार. असं काढणार की ती गेली तरी घरात आहे असं वाटेल.”

वहिनी, म्हणजे त्याची बायको, पोस्टात नोकरी करते. ती चप्पल घालता घालता म्हणाली, “छान. मग आजच बसव त्यांना समोर.”

“आज?” तो असा दचकला, जणू तिने घर विकायला सांगितलं.

तुम्हाला या लोकांची जात ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आपल्याला वाटतं, चित्रकार ब्रश उचलतो आणि सुरू करतो. हा गडी ब्रशला हात लावायच्या आधी इतक्या गोष्टींना हात लावतो की तेवढ्यात दुसरा कुणी भिंती रंगवून, मजुरी घेऊन घरी जाईल. आधी पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर नुसते काळे, करडे, पांढरे ठिपके. त्यात नाक नाही, डोळे नाहीत. मी विचारलं, “यात ताई कुठाय?” तर म्हणाला, “भाऊ, माणूस शेवटी येतो. आधी उजेड.” मग पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून त्यातून घरभर बघत फिरणं. एक डोळा मिटलेला, दुसरा किलकिला. एकदा त्याच अवस्थेत तो दूधवाल्यावर आपटला. मग कॅनव्हास ताणणं, त्यावर पांढऱ्या रंगाचं अस्तर देणं, ते वाळायची वाट बघणं, घासणं, पुन्हा अस्तर. घरात चुन्याच्या भट्टीसारखी धूळ. वहिनीच्या ऑफिसच्या कपड्यांवर, ताईच्या चष्म्यावर, आणि खरं सांगायचं तर माझ्या चहातही.

शेवटी जागा ठरली. उत्तरेच्या खिडकीशी हातांची जुनी खुर्ची, कारण तिथला उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. खुर्चीच्या पायांभोवती त्याने जमिनीवर खडूच्या रेघा मारल्या आणि झाडू त्या बाजूला न्यायला बंदी घातली. वहिनी रोज त्या रेघांभोवती वळसा घालून झाडायची आणि खुर्चीशी असं काही बोलायची की ते मी इथे लिहू शकत नाही.

आता मापं घ्यायला कुणीतरी बसायला हवं. ताई म्हणाली, “मला बसवून ठेवलंस तर सामान कोण आवरेल? सगळं तयार झालं की हाक मार, येऊन बसते.” वहिनी ऑफिसात. उरलो मी, पेन्शनर, रिकामटेकडा. माझ्या अंगावर ताईची शाल टाकली, हातात तिचं विणकाम दिलं, आणि सांगितलं की हलायचं नाही. आमची ही साखर मागायला आली, तिने मला पाहिलं आणि साखर न घेताच परत गेली. त्या संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं होतं.

तो समोर उभा राहून दोऱ्याला वजन बांधून लोंबकळवायचा, ब्रशचा दांडा हात लांब करून धरायचा, एक डोळा मिटून माझं डोकं, खांदा, गुडघा मोजायचा. मी म्हटलं, “अरे, मी उंचापुरा माणूस. तुमच्या दारातून जाताना मला वाकावं लागतं. ताई माझ्या खांद्यालाही लागत नाही.”

“भाऊ, तुम्हाला प्रमाणातलं कळत नाही. ताई उंच आहे.”

मी मान न हलवता, नुकत्याच ऑफिसातून आलेल्या वहिनीकडे पाहिलं. तिने छताकडे पाहिलं. त्या घरात छताकडे फार वेळा बघावं लागतं.

अशा रीतीने माझे गुडघे, माझा खांदा, माझ्या डोक्यावर पडणारा उजेड हे सगळं चौकोन आखून मोठ्या कॅनव्हासवर उतरलं. रेषा सुरेख होत्या, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात ताईची लेक तिला न्यायला येऊन पोचलीसुद्धा. जायचा दिवस उजाडला, गाडी संध्याकाळची, आणि हुबेहूबने सकाळी दारात उभं राहून हाक मारली, “ताई, ये. तयारी झाली.”

ताई हात पुसत आली. शाल घेतली, खुर्चीत बसली.

ताईचे पाय जमिनीला टेकत नव्हते. खिडकीतला उजेड तिच्या डोक्यावरून जाऊन खुर्चीच्या पाठीवर पडला होता. खुर्चीची पाठ काय झकास उजळली होती! ताईचा चेहरा मात्र अंधारात. कॅनव्हासवर जिथे डोकं आखलं होतं, तिथे खुर्चीत तिच्या डोक्यावर नुसती हवा.

“नीट बस ना,” हुबेहूब म्हणाला.

“नीटच बसलेय.”

“ताठ बस.”

“याहून ताठ बसले तर उभी राहीन.”

मग उशी आली. उशीवर उशी. ताई त्यावर फळीवरच्या बरणीसारखी दिसायला लागली आणि हळूहळू घसरायला लागली. मला हसू आवरेना, म्हणून मी खोकलो.

“ताई, तू... तू लहान झालीस का गं?”

“मी लग्नात होते तेवढीच आहे,” ताई कडाडली. “डॉक्टरच्या कानातले केस मोजतोस, आणि मी केवढी आहे ते तुला माहीत नाही?”

तो आळीपाळीने तिच्याकडे आणि कॅनव्हासकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पाहून माझा खोकला थांबला. लहानपणी ज्या बहिणीकडे मान वर करून बघितलं, तिच्याकडे गड्याने नंतर पुन्हा बघितलंच नव्हतं.

“मला आठ दिवस दे,” तो म्हणाला. “खुर्ची बदलतो, नव्याने आखतो.”

“गाडी आजची आहे!” वहिनी, भाची आणि ताई एका सुरात म्हणाल्या.

“मग काय करू?”

“मला सामान भरू दे,” म्हणून ताई उशांवरून उतरली आणि आत गेली. वहिनी त्याच्यापुढे उभी राहिली. “इतके दिवस मी घर तुझ्या खडूच्या रेघांभोवती वळसा घालून झाडलं. ताई आता जाणार. आणि तुझ्याकडे काय उरणार? भाऊंचे गुडघे!”

तो खुर्चीच्या उजळलेल्या पाठीकडे बघत राहिला. तेवढ्यात आतून भाचीचा आवाज आला, “आई, ही चेन लागत नाहीये. बस हिच्यावर!”

दारातून दिसत होतं. मोठी सुजलेली बॅग जमिनीवर, ताई तिच्यावर ठाण मांडून बसलेली, भाची खाली वाकून चेन ओढतेय. मागचं दार उघडं, आणि त्यातला उजेड ताईच्या कपाळावर, गालावर, वैतागाने मिटलेल्या ओठांवर. तिचे दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवलेले.

“हलू नकोस!” हुबेहूब ओरडला.

“हलले तर सगळे कपडे बाहेर येतील, हलतेय कशाला!”

त्याने टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुचकळली आणि कॅनव्हासवरचे माझे गुडघे, माझे खांदे, सगळा मी दोन हातांनी पुसून टाकला. मग चौकोन नाही, दोरा नाही, पुठ्ठा नाही. मातकट तपकिरी रंग पातळ करून त्याने सरळ ब्रश लावला. रंग लावायचा, चिंधीने पुसून उजेड काढायचा, पुन्हा लावायचा. खडूच्या रेघा त्याच्या पायांनी पुसल्या गेल्या, ते वहिनीने मला खुणेने दाखवलं.

“मामा, चेन लागली,” भाची म्हणाली. “आईला उठू दे?”

“नाही.”

“मामा, माझी पाठ!”

“तू सरक. तू चित्रात नाहीस.”

ताई बराच वेळ बसली. मधेच डुलकी काढली, मधेच शिव्या दिल्या. शेवटी खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवायला लागला तेव्हा उठली आणि कॅनव्हाससमोर आली. तपकिरी ढग, त्यात उजेडाचे तुकडे, एक बसलेलं घट्ट बुटकं माणूस. पण बसणं तिचंच. ते मला, प्रमाणातलं न कळणाऱ्यालाही, कळलं.

“नाक कुठाय?” ताईने विचारलं.

“नाक नंतर.”

“नंतर कधी? मी चाललेय ना!”

“मी येतो तिकडे. कॅनव्हास घेऊन. पुढच्या आठवड्यात.”

ज्या माणसाने आपल्या घराबाहेर आजवर एकही चित्र काढलं नाही, तो हे बोलला. वहिनीने पुन्हा छताकडे पाहिलं, पण या वेळी जरा वेगळ्या कारणाने असावं.

खाली टॅक्सीत बॅग चढवताना भाची म्हणाली, “हिची चेन मोडलीय. घरी गेल्याबरोबर फेकते.”

“खबरदार!” हुबेहूब जवळजवळ टॅक्सीत शिरला. “बॅग फेकायची नाही. रिकामीही करायची नाही. आहे तशी फुगलेली ठेवायची!”

“अरे, माझे सगळे कपडे आहेत त्यात,” ताई म्हणाली. “मी तोवर घालू काय?”

“ते मला माहीत नाही. बसायची उंची बदलता कामा नये.”

ताईने कपाळावर हात मारला आणि टॅक्सीवाल्याला म्हणाली, “चला हो, नाहीतर हा टॅक्सी मोजायला लागेल.”