कल्याणची बिनचूक घंटा

जुन्या जालन्यात, कापडाच्या ठोक दुकानांच्या माडीवर, कल्याण शाळांसाठी आपोआप वाजणाऱ्या घंटा बनवतो. माणूस हुशार, हात साफ, पण नाक कायम वर. ‘दोन मिन्टानं काय बिघडतंय’ म्हणणाऱ्याशी तो पुन्हा बोलत नाही. लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त वाचून त्याला हसू येतं. मुहूर्ताच्या वेळेला हा घरी चहा टाकतो आणि तरी अक्षता टाकायला वेळेत पोचतो. त्याच्या मते या जिल्ह्यात वेळ कळणारा माणूस एकच, आणि तो दाढी करताना त्याला आरशात दिसतो.

घंटेच्या डब्यात घड्याळाची चिप असते. तिला चाल देतो क्वार्ट्झचा बारीक खडा, आणि दर खड्याचा स्वभाव निराळा. कुणी पुढे पळतो, कुणी मागे रेंगाळतो. कल्याण प्रत्येक चिप टेबलावर कूलरसमोर मांडून पंधरा-पंधरा दिवस उपग्रहाच्या वेळेशी ताडून पाहतो, किती ढळली ते काढतो आणि तेवढी दुरुस्ती तिच्यात भरतो. बाकीचे घंटावाले नुसता डबा बंद करून विकतात. त्यांचं नाव निघालं की याचं तोंड एरंडेल प्यायल्यागत होतं.

जूनमध्ये केदारखेड्याकडच्या एका संस्थेच्या शाळेतून मुख्याध्यापिका कांताबाईंचा फोन आला.

“कल्याणराव, घंटा चार-पाच मिन्टं मागं चालून राह्यली. शेवटची घंटा उशिरा झाली अन् पोरींची एसटी गेली. दोन दिवस पायी गेल्या बिचाऱ्या.”

“माझी चिप चुकत न्हाई, मॅडम. शिपायानं बटनं दाबली असतील. ह्या लोकान्ला हात गप ठेवता येत न्हाईत.”

एवढं बोलून त्यानं फोन ठेवला आणि विषय त्याच्यापुरता संपला.

तिकडे मात्र तो सुरू झाला. पोरींचे बाप शाळेत येऊन भांडून गेले होते, संस्थेला कुणाचं तरी नाव हवंच होतं. रखमाजी हा शिपाई कित्येक वर्षं रोजंदारीवर होता. त्याला काढायला कागदही लागत नव्हता. तरी अध्यक्षांना शोभा हवी, म्हणून शनिवारी बैठक बोलावली आणि साक्षीला कल्याणला.

कल्याण गेला. अडाण्यांच्या गावात आपल्याला यावं लागलं, हे तोंडावर लिहूनच गेला. चहा झाला. रखमाजी दाराशी उभा होता. चिप बरोबर आहे हे सगळ्यांसमोर दाखवावं म्हणून कल्याण भिंतीवरचा डबा काढायला शिडीवर चढला आणि चटका बसून त्यानं हात मागे घेतला. मग त्यानं भिंतीला तळहात लावला. भिंत तव्यासारखी तापली होती. पलीकडे खिचडीची चूल सकाळपासून पेटलेली, वर पत्रे.

तापला की खडा मंदावतो, हे कल्याणला पाठ होतं. पण त्यानं चिपा तपासल्या त्या कूलरच्या गार वाऱ्यात. आणि ही भिंत? समोरची ओलसर म्हणून दिवाळीनंतर त्यानंच निवडली होती. शिडी रखमाजीनं धरली होती.

“झालं का बघून?” अध्यक्ष म्हणाले. “मंग सांगा की, बटनं दाबली म्हणून.”

नुसती मान हलवायची होती. डबा दुसऱ्या भिंतीवर गेला असता, घंटा बरोबर वाजली असती, आणि कुणालाही कधी कळलं नसतं. कल्याणला स्वतःची किळस आली. आयुष्यभर लोकांच्या दोन मिनिटांवर थुंकत आला आणि इथं एका फोनवर माणूस बुडवला.

“रखमाजीमामानं काय केलं न्हाई,” तो म्हणाला. “भिंत तापती, म्हणून घड्याळ मागं पडलं. हितं डबा मीच लावला. चूक माझी हाय.”

कांताबाईंनी खाली बघितलं. हातचा गुन्हेगार निसटला म्हणून अध्यक्ष रखमाजीवरच चिडले. “मंग तू तोंड का न्हाई उघडलं?”

“उघडलं की, साहेब. मॅडमला तीनदा सांगितलं. त्या म्हणल्या, कल्याणरावची घंटा कशी चुकंल?” रखमाजी कल्याणकडे बघून म्हणाला, “मंग मलाबी तेच बराबर वाटाया लागलं. बायकोला इचारलं, मी झोपंत उठून शाळंत जातो का म्हणून.”